शेळी ज्याला तोंड लावत नाही

अंजनाबाई बारसागडेशी भांडायला क्वार्टरांच्या लाइनीतली कोणतीही बाई उपाशीपोटी जात नसे. नीट जेवून, पदर खोचून जायची आणि तरी हरून यायची. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात वीज कोळशावर तयार होते असं सगळे समजत. अंजनाबाईच्या नवऱ्याचं, खुशालचं, म्हणणं होतं की एखादा संच हिच्या जिभेवरही चालला असता. हे तो बाहेर चौकात म्हणायचा, घरात नाही.

ती मूळची सावली तालुक्यातली. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, बायांची रांग लागली की टोकाला अंजना असायची. मागे पडणारीला ती असं काही बोलायची, की ती बाई चिखलात हसत उभी राहायची आणि आणखीच मागे पडायची. खुशालला वीज केंद्राच्या कोळसा विभागात हेल्परची नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि अंजनाबाई बांधी सोडून सिमेंटवर आली. तिथे तिला पहिल्या दिवशीच दोन गोष्टींचा राग आला. चिखल नाही, आणि राख आहे. वाळत घातलेल्या लुगड्यावर राख, उघड्या भातावर राख. पाहुण्याला पाणी दिलं तर तो आधी फुंकर मारून मग प्यायचा.

दारापुढे काही लावावं तर मोकाट शेळ्या. त्यांनी तिची वांगी खाल्ली, झेंडू खाल्ला, एकदा दोरीवरचं पोलकंही अर्धं खाल्लं. मग तिने माहेरच्या न्हाणीजवळची सदाफुली आणून लावली. शेळी आली, तिने हुंगलं आणि मान वळवून निघून गेली. राख पडली तरी झाड फुलतच राहिलं. अंजनाबाईला ते झाड फार आवडलं.

"माह्यासारखंच हाये," ती म्हणाली. "कोणी तोंड लावाची हिंमत करत नाई."

त्याची रोपं तिने लाइनीतल्या घरोघरी दिली. भांडणं होती त्यांनाही दिली. शेजारच्या गिरजाबाईला देताना म्हणाली, "घे वं, तुह्या दारात काईतरी फुलू दे." गिरजाबाईने ते शिव्या देत लावलं आणि रोज पाणी घातलं. दोन पावसाळ्यांत सगळी लाइन गुलाबी झाली.

खुशालचं वजन वेगळ्या गोष्टीत होतं. तो वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या समितीवर होता आणि अंगारे-धुपारे, भगत, मांत्रिक यांचा पक्का वैरी होता. बाबासाहेबांच्या माणसाने डोकं वापरलं पाहिजे, असं तो दर रविवारी वंदनेनंतर सांगायचा, आणि खरोखर वापरायचाही. लाइनीतल्या कोणाच्या पोराला ताप आला आणि घरच्यांनी लिंबू-मिरची काढली, की खुशाल ते लिंबू कापून सरबत करून प्यायचा आणि पोराला स्वतः सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचा. त्यामुळे त्याच्या शब्दाला मान होता. त्याला तो आवडायचाही. अंजनाबाई म्हणायची, "यायले कोणी हार घालाले आला नाई तं हे सोताच गळा पुढं करतीन."

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आंघोळ करताना अंजनाबाईच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. चिंचोक्याएवढी असताना तिने दुर्लक्ष केलं. दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीला अंजनाबाईकडे वेळ नव्हता. सुपारीएवढी होऊन वरची कातडी आत ओढायला लागली, तेव्हा तिने माहेरी धाकट्या बहिणीला, मनकर्णाला, दाखवली. मनकर्णाने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गावातल्या बाया म्हणाल्या, जंगलापलीकडच्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, जंगू म्हणून एक म्हातारा वैदू आहे, मुळी उगाळून लेप देतो, त्याच्याकडे न्या.

खुशाल खवळला. "जंगू का मोठा सर्जन हाये? मुळी उगाळाचा अन् माणूस घालवाचा. उद्या नागपूर."

आणि त्याने खरंच दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला नेलं. हे त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे, कारण यानंतर लिहिण्यासारखं त्याच्या नावावर फारसं नाही.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. त्यांनी तपासलं, सुईने तुकडा काढून पाहिला आणि खुशालला स्पष्ट सांगितलं की कॅन्सर आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. आधी इंजेक्शनं देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन. इंजेक्शनं ठरल्या तारखेला, एकही न चुकवता.

पहिल्या इंजेक्शनानंतर अंजनाबाईने चंद्रपूर येईपर्यंत आगगाडीच्या खिडकीतून ओकाऱ्या काढल्या. दुसऱ्यानंतर केस गेले. फणीत गुंतवळ नाही, अख्खी वेणीच हातात आली. तिने ती उंबरठ्यावर ठेवली आणि गिरजाबाईला हाक मारली, "घे वं, तुले कितीक दिवसाची हौस होती माह्या झिंज्या धराची." गिरजाबाई रडायला लागली, तर अंजनाबाई तिच्यावरच ओरडली.

पण गाठ उतरत होती. तिच्या बोटांना ते डॉक्टरांच्या आधी कळलं. सुपारीचा पुन्हा चिंचोका झाला आणि ओढलेली कातडी सैल पडली. तिसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी डॉक्टर इतके खूश होते, की सुई लावून औषध सुरू करताना गप्पा मारायला लागले. घाबरलेल्या माणसाशी ते असंच काही तरी बोलायचे.

"बाई, तुमच्या दारात सदाफुली आहे का?"

"आमच्या? साऱ्या लाइनीत हाये. म्या लावली."

"मग तुमच्या दारातच औषध आहे की! या इंजेक्शनांतलं एक त्या झाडापासून काढलेलं असतं."

अंजनाबाई सलाइनच्या बाटलीकडे बघून म्हणाली, "मायबाई! म्हणूनच शेळी खात नाई." डॉक्टर मोठ्याने हसले. नर्स हसली. खुशाल हसला नाही. तो बाटलीकडे बघत राहिला, आणि बाटलीतलं सगळं थेंब थेंब संपेपर्यंत त्याने मान हलवली नाही.

परतीच्या गाडीत वरोऱ्याला तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "अंजना, भाजी ताजी चांगली का वाळलेली?"

तिला मळमळत होतं. "हे का भाजीचं बोलाची वेळ हाये का जी?"

"सांग न."

"ताजी."

"अन् हे बाटलीतलं औषध कवाचं असन? कुठी बनलं, कवा भरलं, कोणत्या गोदामात पडलं. सहा महिन्याचं शिळं. अन् तेच झाड आपल्या दारात हाये. ताजं."

"मंग जंगूनं का वाईट केलं होतं? तोबी झाडपालाच देते."

हा टोला चांगला बसायला हवा होता. पण खुशाल तयारीत होता. "जंगूचं जंगू सांगते. हे डॉक्टरनं सांगतलं हाये. एमडी डॉक्टरनं. हे इज्ञान हाये."

खरं सांगायचं तर अंजनाबाईलाही त्या क्षणी ते पटलं. पटायला कारण होतं. पुढच्या तारखेची आठवण नुसती आली तरी तिच्या तोंडाला पाणी सुटून पोट ढवळायचं. कोणी म्हणालं असतं की इंजेक्शनाऐवजी दगड गिळ, तर तिने दगड केवढा एवढंच विचारलं असतं.

"अन् आपरेशन?"

"गाठच नाई राह्यली तं कापन काय?"

पुढची तारीख आली आणि गेली.

खुशाल सकाळच्या पाळीला जायच्या आधी पानं तोडायचा. त्यांच्यावरची राख दोन पाण्यांनी धुवायचा, कारण स्वच्छतेच्या बाबतीत तो काटेकोर होता. मग पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून, पितळी पेल्यात हिरवा रस समोर धरायचा. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, त्याने कधी बायकोला चहा करून दिला नव्हता. आता रोज उठून तिच्यासाठी पाट्यावर बसत होता. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना खिडकीतून ते दाखवायच्या.

रस इतका कडू होता की अंजनाबाईला आधी शब्द सापडला नाही. मग सापडला, पण तो इथे लिहिता येत नाही. तासाभरात ती ओकली.

खुशालच्या तोंडावर समाधान पसरलं. "पाय! तसंच! इंजेक्शनासारखंच होऊन राह्यलं. म्हणजे लागू पडलं."

महिन्याभराने तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. हातातली वाटी पडली तरी पडल्याचं तिला आवाजावरून कळायचं. इंजेक्शनाच्या वेळीही बोटं थोडी बधिर व्हायची, असं तिने एकदा सांगितलं होतं. खुशालला ते बरोबर आठवलं. "तेबी तसंच!" तो म्हणाला. त्याच्या हिशोबात जे जे वाईट होत होतं, ते ते चांगलं होतं.

पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका रविवारी त्याने विहारात भाषण केलं. विषय होता, 'अंधश्रद्धा आणि विज्ञान'. भगतांवर बोलला, जंगूवर बोलला, आणि मग सदाफुलीवर आला. नागपूरच्या डॉक्टरने काय सांगितलं ते त्याने सांगितलं, आणि जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटी बायांच्या बाजूला हात करून म्हणाला, "अंजनाबाई, उभ्या राहा."

अंजनाबाई पहिल्या ओळीत, बोडक्या डोक्याला पदर गुंडाळून बसली होती. ती उठली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. गिरजाबाईने कौतुकाने तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. सगळ्या विहाराने टाळ्या वाजवल्या. बल्लारपूरचे पाहुणे आले होते, त्यांनीही वाजवल्या.

"मी का प्रदर्शनातली गाय हाव?" ती घरी आल्यावर म्हणाली.

"लोकाईले कळाले पायजे."

"काय कळाले पायजे? हात आना इकडं." तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला. "चेपून पाहा. वापस आली हाये."

खुशालने हात मागे घेतला. टाळ्या नुकत्याच संपल्या होत्या. "ते मेलेली गाठ हाये. मरून वर येऊन राह्यली," तो म्हणाला. "सडका भाग आधी वर येते."

"अजी, मले नागपूरले न्या."

"नेतो न. हे संचाच्या शटडाउनचं काम आटपू दे."

शटडाउन आटपला. मग साहेबाची बदली झाली, नवीन साहेब सुट्टी देत नव्हता. मग दीक्षाभूमीला जायचंच आहे, तेव्हा दाखवू असं ठरलं. दीक्षाभूमीला गेले, तिथे गर्दी फार होती. अंजनाबाईला एव्हाना कळून चुकलं होतं की खुशालला डॉक्टरची भीती नाही. डॉक्टरने हसून 'कोणी सांगितलं तुम्हाला?' असं विचारलं, आणि ते लाइनीपर्यंत आलं, तर रविवारी वंदनेनंतर उभं कसं राहायचं, ही त्याची भीती होती. आणि तेवढ्या भीतीसाठी ती रोज सकाळी पेला रिकामा करत होती. रस ओतून द्यायची सोय नव्हती. तो समोर बसून घोट मोजल्यासारखा बघायचा आणि वरून गुळाचा खडा द्यायचा. गाठ आता फुटली होती, आणि वासामुळे ती दार-खिडक्या उघड्या ठेवून राख आत येऊ देत होती.

एक दिवस तो पहिल्या पाळीला गेल्यावर अंजनाबाई खुरपी घेऊन दारात बसली. बोटांत खुरपी राहत नव्हती. तिने ती फडक्याने मनगटाला बांधली. जिने रोवण्यात रांगच्या रांगा मागे टाकल्या होत्या, तिला दारापुढची चार हात जागा उकरायला दुपार झाली. एकेक झाड मुळासकट काढून तिने कुंपणाबाहेर फेकलं. एक शेळी आली, तिने ढीग हुंगला आणि गेली.

"शानी हायेस तू," अंजनाबाई तिला म्हणाली. मग हात धुतले आणि खूप दिवसांनी चवीने चहा प्याली. झाडच नाही तर रस नाही. रस नाही तर खुशालला नागपूरशिवाय रस्ता नाही. इतकी सरळ गोष्ट इतके दिवस सुचली कशी नाही, याचंच तिला नवल वाटलं.

सांजेला खुशाल आला. उघडी माती पाहून तो ओरडत रस्त्यावर धावला. कोणी तरी जळणाऱ्याने औषध उपटलं, बायकोच्या जिवावर उठलं! लाइन जमली. अंजनाबाई आतून म्हणाली, "म्याच उपटली." पण गलका एवढा होता की कोणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी एकमेकींना सांगितलं, दुखण्याने डोकं फिरलं बिचारीचं.

मग गिरजाबाई आपल्या दारात गेली आणि दोन्ही हातांत मातीसकट रोपं घेऊन आली. "अंजने, तुनंच देल्ली होती. आता तुह्याच कामाची हायेत. घे." ती रडत होती. तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. ज्या बाईशी नळावरून वर्षभर बोलणं बंद होतं, ती सगळ्यात मोठं झुडूप घेऊन आली. कोणी खड्डे खणले, कोणी पाणी आणलं, कोणी शेणखत घातलं. अंधार पडायच्या आत दारापुढे आधी होती त्याच्या दुप्पट सदाफुली उभी राहिली, आणि खुशाल प्रत्येकीला हात जोडत होता.

अंजनाबाई दाराला टेकून बघत होती. प्रत्येकीसाठी तिच्याकडे एकेक उत्तर असायचं. पण इतक्या मायेने आलेल्या बाईला काय म्हणणार, की माती लावू नको, मी मरेन?

दुसऱ्या सकाळी पेला काठोकाठ भरलेला होता.

मनकर्णा थंडीत भेटायला आली. दारातच तिने नाकाला पदर लावला, आत जाऊन बहिणीचं पोलकं सोडून पाहिलं आणि बाहेर येऊन पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला.

"भाऊजी, नागपूरले नेता का हे तुमच्या टाळक्यात घालू?"

अंजनाबाईच्या जिभेने जे महिन्यांत झालं नाही ते वरवंट्याने एका मिनिटात झालं.

डॉक्टर तेच होते. त्यांनी पट्टी उघडून पाहिली, काखेत चाचपलं, पोटात यकृतापाशी चाचपलं, आणि यावेळी हसले नाहीत. "कुठे होता तुम्ही? बाई चांगल्या सुधारत होत्या!"

खुशालने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज अजून पुरता पडलेला नव्हता. कुठल्या वेळी पानं तोडली, राख कशी धुतली, एक दिवसही कसा चुकवला नाही. डॉक्टर ऐकत राहिले.

"पोत्यांनी पानं लागतात हो," ते शेवटी म्हणाले. "पोत्यांनी पानं, तेव्हा कुठे चिमूटभर औषध निघतं. तेही निवडून, शुद्ध करून, माणसाच्या वजनाप्रमाणे मोजून. बाकी पानात जे आहे ते नुसतं विष. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुमीच, साहेब."

डॉक्टरांना आठवेना. त्यांनी नर्सकडे पाहिलं. "मी? हां, असेल. ते मी सगळ्यांनाच सांगतो. तेवढाच पेशंटचा वेळ जातो."

अंजनाबाई टेबलावरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मंग आता द्या न ते. बाटलीतलं. मी ओकली तं ओकली. नाव नाई काढन."

डॉक्टरांनी तिच्या बधिर बोटांवर टाचणी टोचून पाहिली. तिला कळलं नाही. "आता ते अंगाला झेपणार नाही, बाई," ते म्हणाले. "आणि गाठ पोटात पोचली आहे. मी दुखण्यावर गोळ्या देतो."

ती पहिल्या खेपेला ओकत आली होती त्याच मार्गाने त्याच गाडीने घरी आली. यावेळी ओकारी आली नाही. खिडकीजवळची जागा मनकर्णाने तिला देऊ केली, तर म्हणाली, "तूच बस. मले का पाह्याचं हाये आता?"

खुशालने पाटा भिंतीला उभा करून ठेवला. रविवारी विहारात जाणं त्याने बायकोच्या तब्येतीचं कारण सांगून बंद केलं, पण नागपूरला काय झालं ते लाइनीत कोणालाच सांगितलं नाही. मनकर्णा सांगत फिरली असती, पण ती बहिणीच्या उशाशी होती. दारातली सदाफुली कोणी उपटली नाही. लाइनीने दिलेली होती, उपटायची तर कारण सांगावं लागलं असतं.

अशात एक दिवस बल्लारपूरहून एक माणूस आला. त्या रविवारी विहारात टाळ्या वाजवणाऱ्यांतला. दारात चपला काढून त्याने खुशालला वाकून जयभीम केला.

"खुशालभाऊ, माह्या बायकोले, सोमारीले, तसंच निघालं हाये. डॉक्टर कापाचं म्हणते. मले तुमचं भाषण याद आलं."

आत खाटेवर अंजनाबाई जागी होती. खुशालने 'बसा' म्हटलं, तेवढ्यात तिला सगळं कळलं. तिने छातीत होता नव्हता तो जोर काढून आवाज दिला, "ओ भाऊ! शेळी खात नाई ते बायकोले चारू नका. कापू द्या. कापू द्या तिले!"

माणूस दचकला. त्याने हळूच विचारलं, "भाऊ, वैनी?"

मनकर्णा दाराकडे धावली, पण अंजनाबाईला उठताना खोकल्याची उबळ आली म्हणून अर्ध्यातून परत फिरली. ती तिची पाठ चोळत राहिली. बाहेर खुशालकडे तो माणूस हात जोडून बघत होता. किती तरी दिवसांत त्याच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

"दुखण्यानं भ्रमल्यासारखं बोलते," खुशाल म्हणाला.

मग अंजनाबाईला खुरपीचा आवाज आला. माती ओली होती, झाड पटकन निघालं असावं. ओल्या गोणपाटात ते गुंडाळल्याचा आवाज आला, सायकलच्या कॅरिअरला दोरी आवळल्याचा आला.

"रोज ताजंच घ्याल," खुशाल सांगत होता. "अन् राख नीट धुऊन घ्याल."